जहाजावरून घरी फोन : नांदेड-लातूरच्या कुटुंबांसाठी

समुद्रात असलेल्या जहाजावरून घरी फोन तीन वाटांनी लागतो. पहिली वाट किनाऱ्यावरच्या मोबाइल टॉवरची, दुसरी जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कची आणि तिसरी जहाजावरच्या वाय-फायची. तिन्हींचा पल्ला वेगळा, खर्चही वेगळा. हातातला फोन कोणत्या वेळी कोणत्या वाटेवर आहे हे ज्याला कळते, त्याचे बिल आटोक्यात राहते. आणि कोणत्या टप्प्यात फोन लागणारच नाही हे ज्या घराला आधी माहीत असते, त्या घराला विनाकारण घोर लागत नाही. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. तिथे एखाद्या मुलाचा चार दिवस फोन आला नाही, तर समजावून सांगणारा एखादा निवृत्त खलाशी गल्लीतच भेटतो. नांदेड-लातूरकडे ती सोय नाही. समुद्र गाठायचा तर नांदेडहून तपोवन किंवा नंदिग्राम, लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागते आणि जहाजावर गेलेला मुलगा किंवा मुलगी बहुतेक घरांत पहिलीच असते. हॉटेल मॅनेजमेंट करून परदेशी क्रूझ जहाजांच्या किचनमध्ये, हाउसकीपिंगमध्ये लागलेली किंवा मर्चंट नेव्हीत गेलेली ही मुले सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर असतात. दुसरीकडे, सुटीत क्रूझवर फिरायला जाणारी कुटुंबेही आता इकडून निघतात. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करणारे कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर हा प्रवास मराठी कुटुंबांच्या आवाक्यातला झाला. फिरायला जाणाऱ्याचा प्रश्न दोन-पाच दिवसांचा असतो, नोकरीवर गेलेल्याचा वर्षाच्या मोठ्या भागाचा. फोनची वाट मात्र दोघांनाही सारखीच.

किनाऱ्यावरचा टॉवर

मुंबईच्या बॅलार्ड पिअर भागातून जहाज सुटते तेव्हा फोनला नेहमीचीच रेंज असते आणि नेहमीच्याच पॅकमध्ये कॉल होतात. समुद्रावर आड येणाऱ्या इमारती, डोंगर नसल्याने टॉवरचा संदेश जमिनीवरच्यापेक्षा लांब जातो. तरी किनाऱ्यापासून साधारण १५ ते २० किलोमीटरनंतर तो विरळ होतो आणि मग तुटतो. टॉवर कितीही दणकट असला तरी फोनची स्वतःची ताकद फार थोडी असते, त्याचा आवाज परत टॉवरपर्यंत पोचावा लागतो. त्यात पृथ्वीची गोलाई आहेच.

मुंबई-गोवा फेरीत जहाज कोकण किनाऱ्याला समांतर जाते, त्यामुळे रात्रीतून मधूनमधून रेंज येते-जाते. ती केबिनमध्ये मिळेलच असे नाही. जहाजाचे अंग पोलादाचे असते, आतल्या बाजूच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये काड्या दिसत नाहीत; त्याच वेळी वरच्या उघड्या डेकवर, किनाऱ्याच्या बाजूच्या कठड्यापाशी, फोन लागतो. घरी बोलायचे असेल तर जहाज सुटल्यावरचा पहिला तास आणि बंदर जवळ आल्यावरचा शेवटचा तास हेच खात्रीचे. लक्षद्वीपच्या बाजूला मध्ये लांबच लांब उघडा समुद्र आहे, तिथे टॉवरचा प्रश्नच नाही. बेटांवर उतरल्यावर मात्र फोन चालतो. जानेवारी २०२४ मध्ये कोची ते लक्षद्वीप समुद्राखालून ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाल्यापासून तिथले इंटरनेट बरेच सुधारले आहे.

जहाजाचे नेटवर्क आणि फ्लाइट मोड

किनारा सुटल्यावर बऱ्याच मोठ्या जहाजांवर पुन्हा रेंजच्या काड्या उगवतात. खर्चाचा फटका बसतो तो इथेच. या काड्या घरच्या कंपनीच्या नसतात. जहाजावर छोटे मोबाइल केंद्र बसवलेले असते, ते उपग्रहामार्फत जगाशी जोडलेले असते आणि फोनच्या पडद्यावर ‘सेल्युलर ॲट सी’ किंवा ‘टेलिनॉर मॅरिटाइम’ असे काहीसे नाव दिसते. फोनच्या दृष्टीने हा एक परका देश. रोमिंग चालू असेल तर तो आपोआप त्या नेटवर्कला चिकटतो. साधे आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक देशांच्या यादीवर चालतात आणि जहाजाचे नेटवर्क सहसा त्या यादीत नसते. मग बोलण्याचा, आलेला कॉल उचलण्याचा आणि इंटरनेटचा दर घरच्या दराच्या कित्येक पट लागतो. फोन खिशात असताना मागच्या मागे चालणारे फोटोंचे बॅकअप आणि ॲपचे अपडेट एवढे जरी झाले तरी पोस्टपेड बिल हजारांत जाऊ शकते.

उपाय सोपा आहे. किनारा सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि त्यानंतर हवे तर फक्त वाय-फाय चालू करावे. नुसते मोबाइल डेटा बंद करून भागत नाही, कारण आलेला साधा कॉलही रोमिंगवर पडतो. कुटुंबात पाच फोन असतील तर पाचही तपासावेत. आजोबांच्या आणि शाळकरी मुलांच्या फोनवरच विसर पडतो. पोस्टपेड कार्ड असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या दुकानात जाऊन ‘जहाजावरच्या नेटवर्कला दर काय आणि वेगळा पॅक आहे का’ हे नेमक्या शब्दांत विचारावे. ‘परदेशात दर काय’ असे विचारले तर उत्तर जमिनीवरचे मिळते.

सॅटेलाइट फोन सोबत नेण्याचा विचार मात्र कोणी करू नये. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे; विमानतळावर आणि बंदरात अशा फोनसह सापडलेल्यांना अटक झालेली आहे. परदेशातल्या नातेवाइकाने भेट दिलेला असला तरी कायदा तोच.

वाय-फाय

जहाजावरचे वाय-फाय विकत घ्यावे लागते. प्रवाशांना ते दिवसाच्या किंवा पूर्ण फेरीच्या हिशेबाने मिळते, कर्मचाऱ्यांना वेगळ्या, बहुधा स्वस्त दराने. त्याच्या वेगात दोन जाती आहेत. जुनी पद्धत ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांची. तिथपर्यंत जाऊन संदेश खाली यायलाच पाव सेकंद लागतो आणि समोरच्याचे उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद उलटतो. यामुळे दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि घरच्यांना वाटते की मुलगा काही लपवतोय, अडखळतोय. अशा कॉलवर आपले वाक्य पूर्ण करून थांबायचे आणि पलीकडून आवाज येईपर्यंत मध्ये ‘हॅलो, हॅलो’ करायचे नाही, एवढे पाळले तरी बोलणे सुरळीत होते. नवी पद्धत स्टारलिंकची. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात, म्हणून उशीर जाणवत नाही आणि व्हिडिओ कॉलही चालतो. २०२२ पासून रॉयल कॅरिबियनने आणि पाठोपाठ इतर क्रूझ कंपन्यांनी जहाजांवर ते बसवले. जहाजावर स्टारलिंक आहे म्हणून ते सगळीकडे चालेल असे नाही. काही देशांच्या सागरी हद्दीत त्याला परवानगी नसते आणि तिथे शिरताना ते बंद करावे लागते. त्यामुळे उघड्या समुद्रात छान बोलणारा मुलगा बंदर जवळ आल्यावर अचानक गप्प होतो, हे नेहमी घडते.

डेटा मोजून मिळत असेल तर व्हॉट्सॲपच्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, व्हिडिओ कॉलला त्याच्या कितीतरी पट. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडून फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करावे आणि ‘यूज लेस डेटा फॉर कॉल्स’ चालू करावे. घरच्या ग्रुपवरचे सकाळचे शुभेच्छांचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ जहाजावरच्या माणसाचा डेटा खातात. त्याच्यासाठी फक्त आई-वडील आणि भावंडे असा वेगळा छोटा ग्रुप केलेला बरा.

कमी वेगाच्या जहाजांवर सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे व्हॉइस मेसेज. कॉलला दोन्ही बाजू एकाच क्षणी जोडलेल्या लागतात. व्हॉइस मेसेज जाळे मिळेल तेव्हा जातो आणि मिळेल तेव्हा पोचतो. औसा तालुक्यातल्या आईने सकाळी स्वयंपाक करता करता दोन मिनिटे बोलून ठेवावे, मुलाने ड्यूटी संपल्यावर ते ऐकून उत्तर द्यावे. ज्यांना टाइप करणे जमत नाही त्यांना तर हे फारच सोयीचे. यासाठी संदेशाखालच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला वाचता आल्या पाहिजेत. घड्याळाचे चिन्ह म्हणजे संदेश अजून आपल्याच फोनमध्ये अडकलेला आहे. एक टिक म्हणजे आपल्याकडून निघाला, पण पलीकडच्या फोनपर्यंत गेला नाही. तिथला फोन जाळ्याबाहेर किंवा बंद आहे. दोन टिक म्हणजे पोचला. तीन दिवस एकच टिक दिसणे याचा अर्थ फक्त ‘तिकडे इंटरनेट नाही’ एवढाच होतो. दोन टिक येऊनही उत्तर नसेल तर तो कामात किंवा झोपेत असतो. क्रूझवर दिवसाला दहा-अकरा तासांचे काम, तेही तुकड्यातुकड्यांत, हा नेहमीचा क्रम आहे.

बंदरात फोनवर बोलायचे तर किनाऱ्यावरच्या विनामूल्य वाय-फायचा आधार मोठा. अनेक बंदरांत मिशन टू सीफेअरर्स आणि स्टेला मॅरिस या संस्थांची केंद्रे आहेत. कोणत्याही धर्माच्या, देशाच्या खलाशाला तिथे बसून घरी बोलता येते. काही देशांतले अडथळे आधी माहीत हवेत. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीत, तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात पण कॉल लागत नाहीत. चीनमध्ये व्हॉट्सॲपच बंद, आणि तिथे चालणारे वीचॅट भारतात जून २०२० पासून बंदीत. भारतीय सिमचे रोमिंग पॅक घेतले असेल तर इंटरनेट भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येते आणि हे अडथळे येत नाहीत. पॅक महाग वाटत असेल तरी तिथल्या मुक्कामापुरते घ्यावे.

नोकरीवर निघण्यापूर्वी

भारतीय सिमकडे दुर्लक्ष करणे ही जहाजावर जाणाऱ्या नव्या मुलांची सर्वांत महाग पडणारी चूक. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा नियम आहे. नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टमध्ये हे दिवस सहज उलटतात. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग बँकेचे ओटीपी, आधारशी जोडलेले संदेश आणि व्हॉट्सॲपची ओळख, सगळे परक्या माणसाच्या हातात जाते. व्हॉट्सॲपचे खातेही १२० दिवस वापरात नसेल तर पुसले जाते. म्हणून काँट्रॅक्ट संपेपर्यंत सिमचा रिचार्ज कोण, कोणत्या तारखेला करणार हे घरात ठरवून भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखा खुणावून ठेवाव्यात.

सिम कुठे ठेवायचे यावर दोन पद्धती दिसतात. काही जण ते घरीच वडिलांच्या साध्या फोनमध्ये टाकून जातात आणि ओटीपी फोनवर विचारून घेतात. ही पद्धत टाळावी. एकदा ओटीपी सांगायची घराला सवय लागली की मुलाच्या नावाने आलेल्या खोट्या संदेशालाही तो सांगितला जातो. सिम मुलाच्याच फोनमध्ये असावे, निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे. बंदरात उतरल्यावर फ्लाइट मोड काढला की बहुतेक कंपन्यांचे एसएमएस पैसे न लागता येतात. बँकेची कामे त्या बंदरातल्या तासांत उरकावीत.

घरखर्चाचे पैसे पाठवण्यासाठी तर ओटीपीची गरजच पडू नये. पगाराचा ठरावीक भाग कंपनीने थेट घरच्या खात्यात जमा करण्याच्या व्यवस्थेला ‘ॲलॉटमेंट’ म्हणतात. ती मागणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि करार करतानाच ती लिहून घ्यावी.

निघण्याच्या दिवशी घरात एक कागद मागे राहायला हवा. त्यावर जहाजाचे नाव आणि त्याचा सात आकडी आयएमओ नंबर, कंपनीचे नाव, मुंबईतल्या किंवा गोव्यातल्या भरती एजन्सीचे नाव, तिचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना क्रमांक आणि दिवसरात्र चालणारा फोन नंबर, पासपोर्ट आणि सीडीसीचे (खलाशाच्या नोंदवहीचे) क्रमांक, इन्डोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), मुलाचा जहाजावरचा कर्मचारी क्रमांक, जॉइन होण्याचे बंदर आणि काँट्रॅक्ट संपण्याची तारीख, एवढे लिहावे. करारपत्राची एक प्रत सोबत जोडावी. नावापेक्षा आयएमओ नंबर पक्का, कारण जहाजाचे नाव मालकासोबत बदलते आणि हा नंबर जहाज मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’च १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने पाण्यात उतरले आणि मध्ये ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ म्हणूनही चालले. एजन्सीचा परवाना खरा आहे का, हे डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावरील यादीत पैसे भरण्यापूर्वीच पाहावे. अडचणीच्या वेळी जिचा फोन लागणार, ती हीच एजन्सी असते. कागदाची एक प्रत गावाकडच्या घरी आणि एक शहरात राहणाऱ्या, इंग्रजीत बोलू शकणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी.

जहाजावर इंटरनेट मिळणे आता केवळ मालकाच्या मर्जीवर राहिलेले नाही. सागरी कामगार करारात, जो भारताने २०१५ मध्ये मान्य केला, २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. शक्य असेल तिथे खलाशांना जहाजावर इंटरनेट द्यावे आणि दर आकारलाच तर तो वाजवी असावा, असे तीत म्हटले आहे. क्रूझवरचा वेटर, कुक, केबिन साफ करणारी मुलगी हे सगळे या करारात ‘सीफेअरर’ ठरतात. दर फार वाटत असेल तर जहाजावरच्या तक्रार पद्धतीने लेखी मागणी करता येते.

घड्याळाचा मेळ

फोन कधी करायचा हे जहाज कोणत्या समुद्रात आहे त्यावर ठरते. मायामीकडून सुटणारे कॅरिबियनचे जहाज हिवाळ्यात भारतापेक्षा साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. मुलगा तिकडे रात्री ११ वाजता मोकळा झाला की इकडे सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात. ही घराला सोयीची वेळ. भूमध्य समुद्रातल्या जहाजाचे गणित उलटे. उन्हाळ्यात तिथे साडेतीन तासांचा फरक पडतो, त्यामुळे रात्री ११ म्हणजे नांदेडला पहाटेचे अडीच. तिथल्या मुलाने दुपारच्या सुटीत, ३ च्या सुमारास फोन केला तर घरी संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि शेतावरून माणसे परतलेली असतात. अलास्कात उन्हाळ्यात भारताच्या साडेतेरा तास मागचे घड्याळ, सिंगापूरला अडीच तास पुढचे, दुबईला दीड तास मागचे. जहाज पुढे सरकते तसे कप्तान घड्याळ एकेक तासाने बदलतो आणि जहाजाची वेळ बंदराच्या वेळेपेक्षा वेगळीही असू शकते. म्हणून वेळ ठरवताना ती नेहमी भारतीय वेळेत बोलावी आणि मुलाने फोनच्या घड्याळात दुसरे शहर म्हणून भारत जोडून ठेवावा.

रोजची वेळ बांधून घेणे बहुतेकांना जमत नाही आणि न जमल्याने दोन्हीकडे रुखरुख लागते. आठवड्यातून दोन ठरलेले कॉल आणि रोज एक छोटा संदेश, मग तो नुसता ‘ठीक’ का असेना, हा क्रम टिकतो. सणांचे आधी पाहावे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा जेवणाच्या गडबडीत कॉल करू नये, सकाळच्या आरतीला करावा. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिव पट्ट्यातले अख्खे गाव शेतात असते, आंबिल आणि भज्जीच्या पंगती झाडाखाली बसतात, आणि शेतात रेंज जेमतेम. त्यातच हा सण डिसेंबर-जानेवारीत येतो, तेव्हा नाताळ आणि नव्या वर्षामुळे क्रूझ जहाजे गच्च भरलेली असतात, काम दुप्पट आणि वाय-फाय सर्वांत मंद. शेतातली कोप, पांडवांची पूजा, सगळ्यांचे चेहरे असा छोटा व्हिडिओ करून घरी वाय-फायवरून संध्याकाळी पाठवावा. थेट व्हिडिओ कॉलचा हट्ट त्या दिवशी धरू नये. किनवट-माहूरकडच्या डोंगराळ गावांत राहणाऱ्यांनी चांगली रेंज मिळणारी जागा आणि वेळ मुलाला सांगून ठेवावी, नाहीतर त्याने मिळवलेली दहा मिनिटे ‘आवाज येत नाही’ यातच जातात.

फोन आला नाही तर

काळजी कधी करायची याची मर्यादा निघण्यापूर्वीच ठरवावी. जहाजाचा मार्ग पाहून मुलाने सांगावे की या टप्प्यात इतके दिवस शांतता असेल. अटलांटिक ओलांडणारे जहाज सहा-सात दिवस जमीन पाहत नाही. मालवाहू जहाज त्याहून जास्त. ठरलेल्या मर्यादेच्या आत शांतता असेल तर काही करू नये. मर्यादा ओलांडली की पहिला फोन एजन्सीला करावा, नातेवाइकांना नव्हे.

मरीन ट्रॅफिक, व्हेसल फाइंडर या संकेतस्थळांवर आयएमओ नंबर टाकला की नकाशावर जहाज दिसते. हे साधन चांगले, पण ते वाचायचे कसे हे कळले नाही तर काळजी वाढवणारे. जहाजे एआयएस नावाच्या यंत्रणेने आपला ठावठिकाणा प्रसारित करत असतात आणि किनाऱ्यावरच्या अँटेना तो ठरावीक अंतरापर्यंतच पकडतात. जहाज खोल समुद्रात गेले की विनामूल्य नकाशावरचा ठिपका शेवटच्या जागी थांबतो, ‘तीन दिवसांपूर्वी दिसले’ असे लिहून येते. जहाज मात्र चालतच असते. एडनच्या आखातासारख्या धोक्याच्या पट्ट्यात काही मालवाहू जहाजे हे प्रसारण मुद्दाम बंद करतात. ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबले असे समजू नये. टीव्हीवर समुद्रातल्या अपघाताची बातमी आली तर आधी आयएमओ नंबर किंवा निदान जहाजाचे पूर्ण नाव जुळते का ते पाहावे.

एजन्सी उत्तर देत नसेल तर मुंबईत कांजूरमार्गला डीजी शिपिंगचे कार्यालय आहे आणि खलाशांच्या संघटना आहेत. नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, म्हणजे नुसी, ही त्यातली जुनी. कागदावरचे सगळे क्रमांक ई-मेलमध्ये लिहून पाठवावेत आणि मग फोन करावा. भारतीय किनाऱ्याजवळ जहाज किंवा नौका प्रत्यक्ष संकटात असल्याचे कळले तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे.

‘तुमचा मुलगा बंदरात पकडला गेला, सोडवायला पैसे भरा’ असे फोन येतात. मुलगा समुद्रात आहे, त्याच्याशी लगेच बोलता येत नाही, हे अशा भामट्यांना माहीत असते आणि त्याचाच ते फायदा घेतात. मुलगा आणि घर यांच्यात एक खुणेचा शब्द ठरलेला असावा. पैसे न भरता एजन्सीला फोन करावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

घरी वाईट घडले तर

वडील गेले, आई दवाखान्यात आहे, अशी बातमी जहाजावरच्या मुलाला व्हॉट्सॲपवर टाकू नये. तो ती ड्यूटीवर, पाहुण्यांना वाढताना किंवा एकटा केबिनमध्ये वाचेल आणि परत फोन करायला जाळे नसेल. भावकीतल्या कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकण्याआधी हे सगळ्यांना बजावावे लागते. ते काम घरातल्या एका खंबीर माणसाकडे आधीच द्यावे. त्याने एजन्सीला फोन करून सांगावे, एजन्सी कंपनीला आणि कंपनी जहाजाला कळवते. क्रूझवर मनुष्यबळ विभागाचा अधिकारी असतो, मालवाहू जहाजावर कप्तान. तो मुलाला समोर बसवून सांगतो, कामातून मोकळा करतो आणि जहाजाच्या फोनवरून घरी जोडून देतो. या निरोपात नाते, नेमके काय झाले, कधी झाले आणि दवाखान्याचा किंवा मृत्यूचा कागद केव्हा मिळेल, हे इंग्रजीत चार ओळींत लिहून द्यावे.

मुलगा येऊ शकेल का, हे जहाजाच्या पुढच्या बंदरावर अवलंबून असते. साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून उतरण्याची मोकळीक, मिळाले तरी बंदर यायला दोन-चार दिवस, तिथून विमान, मग मुंबई किंवा हैदराबादहून गाव. अंत्यविधीला तो पोचत नाही, हे बहुतेक वेळा खरे असते आणि ते घराने त्याला स्पष्ट सांगितलेले बरे. तो येईपर्यंत थांबायचे की नाही हा निर्णय घरच्यांनी घ्यावा, त्याच्यावर टाकू नये. दहाव्या-तेराव्याला पोचणे शक्य असते. येता आले नाही तर अंत्यविधीच्या वेळी जहाजाच्या वाय-फायवरून व्हिडिओ कॉल जोडून देण्याची विनंती त्या अधिकाऱ्याला करता येते. पुढचे काही दिवस घरातल्या एका माणसाने रोज ठरल्या वेळी त्याच्याशी बोलत राहावे. आजार लपवून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ‘तिकडे एकटा आहे, कशाला सांगायचे’ म्हणून. एकदा असे लपवलेले उघड झाले की पुढच्या प्रत्येक ‘सगळे ठीक आहे’वरचा त्याचा विश्वास जातो. साधा ताप, पडझड सांगू नये. दवाखान्यात भरती करावे लागले तर सांगावे, अशी रेघ दोन्हीकडून मान्य करून घ्यावी. हेच मुलालाही लागू. जहाजावर इजा झाली, आजारपण आले, तर ते घराला एजन्सीकडून कळण्याआधी त्याच्याकडून कळावे.

काँट्रॅक्ट संपून तो घरी आला की सिमचा रिचार्ज, रोमिंग आणि बँकेत नोंदवलेला नंबर तपासून घ्यावा. पुढच्या वेळी जहाज बहुधा दुसरे असते, म्हणून जुना कागद फाडून नव्या जहाजाच्या आयएमओ नंबरासह नवा लिहावा आणि दोन्ही घरी तोच पोचवावा.